परका आणि पाणी

मननासाठी उतारा : मत्तय 25:31-46



परक्यास भय घालण्यास काठीच उगारावी लागते असे नाही. दार लोटून घेतले, हाकेस ओ दिली नाही, पाणवठा दाखविण्याऐवजी मान फिरविली, म्हणजे पुरे होते. गावच्या ह्या मुक्या धाकात कोणाचा आवाज चढत नाही. म्हणून आपण दोषी आहोत असे कोणास वाटतही नाही. ह्या पापाचा आज आपण प्रभूसमोर विचार करू.

डॉक्टर भीमराव आंबेडकर ह्यांनी आपल्या बालपणची एक हकीकत लिहून ठेविली आहे. ती 1901 च्या सुमाराची. त्यांचे वडील सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात दुष्काळी तलावाच्या कामावर खजिनदार होते. त्यांस भेटावयास भीमराव, त्यांचे थोरले बंधू व बहिणीची दोन मुले मसूर स्टेशनावर उतरली. न्यावयास कोणी आले नव्हते. नीटनेटके कपडे पाहून स्टेशनमास्तराने चौकशी केली. परंतु मुले महार आहेत असे कळताच त्याचा चेहरा पालटला. भाड्याच्या गाड्या होत्या, पण कोणी गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाडे द्यावे, गाडी मुलांनी हाकावी व गाडीवानाने पायी चालावे, असे ठरले. जवळ शिदोरी होती, पण वाटेत पिण्याजोगे पाणी मिळेना. रात्री टोलनाक्यावर आपण मुसलमान आहोत असे सांगून पाहिले, तरी पाणी मिळाले नाही. अन्न जवळ असून ती लेकरे उपाशी निजली.

ह्या हकीकतीत मारहाण करणारा एकही मनुष्य नाही. प्रत्येकाने थोडेसेच केले, आणि त्या थोड्याथोड्याची मिळून ती रात्र झाली. न्यायाच्या दिवसाविषयी प्रभू जे सांगतो तेही असेच आहे. डावीकडच्या लोकांवर कोणास मारल्याचा आरोप नाही. परका आला असता त्यास घरात घेतले नाही, तान्हेल्यास पाणी दिले नाही, एवढाच त्यांचा दोष. आणि तो ऐकून त्यांस नवल वाटते!

हे आम्ही केवळ इतरांस सांगत नाही. एके वर्षी आमच्या गावाबाहेर ऊसतोडीच्या लोकांच्या कोप्या पडल्या. कोणी त्यांस उणा शब्द बोलले नाही. फक्त जवळच्या विहिरीवरचा दोर व पोहरा नाहीसा झाला. आम्हांस ते ठाऊक होते. गावाशी वाकडे नको, म्हणून आम्ही गप्प राहिलो, आणि त्या रविवारी उपदेश मात्र प्रीतीवर केला. सोमवारी मंडळीतील एक वृद्ध विधवा भरली घागर घेऊन कोप्यांकडे निघाली. आम्ही तिच्या मागून गेलो. आम्ही पुढे असावयास हवे होते.

राज्यघटनेच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि 1955 च्या कायद्याने अस्पृश्य मानून कोणास पाणवठा बंद करणे हा गुन्हा ठरला. गरज पडल्यास त्या कायद्याचा आश्रय अवश्य घ्यावा. परंतु फिरविलेली मान कोणताही शिपाई सरळ करू शकत नाही. ते काम मंडळीचे आहे.

म्हणून उपदेशक बंधूंनो, गावात नवे बिऱ्हाड आले की पहिल्याच दिवशी जा. नाव विचारा, जात विचारू नका. पाण्याची जागा स्वतः बरोबर जाऊन दाखवा. कुजबुज कानी आली तर दोघेतिघे मिळून सरपंचांस भेटा. इस्राएल लोक मिसरात परके होते, म्हणून परक्याचे मन तुम्ही ओळखता, असे देवाने त्यांस बजाविले (निर्गम 23:9). आपल्यातील पुष्कळांचे वाडवडील विहिरीच्या काठाशी ओंजळ धरून उभे राहिले आहेत. ज्यांस ती तहान ठाऊक आहे, त्यांनीच जर दोर लपविला, तर प्रभूपुढे आपण काय उत्तर देणार?

परक्याच्या रूपाने तो आपल्या वेशीवर येईल तेव्हा त्यास ओळखण्याची कृपा तो आपणां सर्वांस देवो. आमेन.