दृश्य, व्यवहार आणि वर्दी

संगणकाच्या पडद्यावर दिसणारे बटण, रकाना किंवा आलेख, आणि त्या पडद्याआड हिशेब करणारा, दप्तर सांभाळणारा, यंत्रांशी बोलणारा प्रोग्राम, या दोहोंची सांगड कशी घालावी हा प्रश्न वरवर पाहता निव्वळ कारागिरीचा वाटतो. परंतु गेल्या साठ वर्षांत त्याला मिळत गेलेली उत्तरे क्रमाने पाहिली, म्हणजे कोणी कोणाला ओळखावे, कोणी कोणाला हुकूम द्यावा आणि बदल घडला की त्याची वर्दी देण्याची जबाबदारी कोणाच्या शिरावर असावी, असा एक कारभारविषयक विचारच त्यांतून आकार घेत आलेला दिसतो.

सर्वांत रूढ रीत हुकुमाची. बटण दाबले गेले की अमुक रकान्यातील मजकूर वाच, बेरीज कर, उत्तर तमुक जागी लिही, अशी आज्ञांची साखळी प्रोग्रामने पडद्याला द्यायची. हीच बेरीज तीन ठिकाणी दाखवायची असेल तर तीन आज्ञा. आणि वर्षभराने दुसऱ्याच कोणी चौथी जागा निर्माण केली व जुन्या आज्ञांत तिची भर घालण्याचे त्याच्या ध्यानी राहिले नाही, तर पडदा खोटे बोलू लागतो, आणि तेही अगदी निःशंकपणे.

१९६३ साली एमआयटीमध्ये इव्हान सदरलंड यांनी आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधासाठी टीएक्स-२ या संगणकावर ‘स्केचपॅड’ रचले, तेव्हा रेघ कशी ओढावी हे पायरीपायरीने न सांगता या दोन रेघा समांतर असोत, हा कोन काटकोन असो, एवढेच सांगावे आणि त्याची पूर्तता यंत्राने करावी, अशी निराळी, विधानात्मक वाट खुली झाली. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांच्या ‘व्हिसिकॅल्क’ या कोष्टकांच्या प्रोग्रामने तीच वाट हिशेबनिसाच्या टेबलापर्यंत आणून पोहोचवली. ब्रिकलिन हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयात शिकत असताना फळ्यावरील कोष्टकातला एक आकडा बदलला, की त्यावर अवलंबून असलेले पुढचे सारे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत; त्या खटाटोपातूनच त्यांना ही कल्पना सुचली. परंतु स्केचपॅडमधील रेघा आणि कोष्टकातील आकडे, आणि त्यांचे परस्परसंबंधही, एकाच व्यवस्थेच्या अंमलाखाली नांदत होते. कोणता आकडा बदलला हे यंत्राला आपसूक कळे; वर्दी द्यावी लागेल असा परका तेथे कोणी नव्हताच. विधानात्मक पद्धतीचे सुख त्या काळी इतके स्वस्त वाटले, त्याचे कारण माझ्या मते हेच.

अडचण सुरू झाली ती व्यवहार, म्हणजे पडद्याआडचा प्रोग्राम, आणि दृश्य, म्हणजे पडदा, यांची बिऱ्हाडे वेगळी झाल्यावर. जहाजबांधणीच्या नियोजनाचा अनुभव गाठीशी असलेले नॉर्वेचे त्रिग्वे रेन्स्काउग यांनी झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात राहून १९७९ मध्ये ‘मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर’ ही विभागणी मांडली, आणि स्मॉलटॉक भाषेत ती पुढे रुजली. त्या व्यवस्थेत मॉडेलने, म्हणजे व्यवहाराने, ‘मी बदललो’ एवढेच जाहीर करायचे. ते ऐकणारे आश्रित किती, ते आलेख काढतात की तक्ता मांडतात, याची चौकशी त्याने करायची नाही. दृश्याने व्यवहाराला ओळखावे, व्यवहाराने मात्र दृश्याला ओळखू नये, हा एकतर्फी परिचयाचा दंडक मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाचा ठेवा वाटतो. पुढील पिढ्यांनी नावे पुष्कळ बदलली, पण दंडक बदलला नाही.

त्याचे सर्वांत तपशीलवार रूप पाहायचे तर पुन्हा नॉर्वेकडेच वळावे लागते. १९९० च्या उन्हाळ्यात हावर्ड नॉर्ड आणि आयरिक चांबे-एंग हे अल्ट्रासाउंड चित्रांच्या संग्रहासाठी सी-प्लस-प्लस भाषेत प्रोग्राम लिहीत होते. तो युनिक्स, मॅकिन्टॉश आणि विंडोज या तिन्हींवर चालायला हवा होता, आणि त्या गरजेतून ‘क्यूटी’ या पडदे रचण्याच्या साधनसंचाचा जन्म झाला. १९९२ मध्ये चांबे-एंग यांना ‘सिग्नल’ आणि ‘स्लॉट’ यांची युक्ती सुचली: बदल घडलेल्या वस्तूने सिग्नल सोडावा, ज्याला गरज असेल त्याने आपला स्लॉट त्याला जोडून घ्यावा. सी-प्लस-प्लसमध्ये वस्तूला स्वतःच्या गुणधर्मांची माहिती चालू प्रोग्रामात देता येण्याची सोय नव्हती. म्हणून ती माहिती आधीच लिहून ठेवणारा ‘मॉक’ नावाचा एक स्वतंत्र अनुवादक त्यांनी मध्ये बसवला.

या पायावर २०१० मध्ये ‘क्यूएमएल’ ही विधानात्मक भाषा उभी राहिली. चौकटीची रुंदी पालक-चौकटीच्या निम्मी, असे तीत एकदा लिहिले की ते समीकरण म्हणून जिवंत राहते. ते सोडवताना कोणकोणते गुणधर्म वाचले गेले याची नोंद इंजिन ठेवते आणि त्यांच्या सिग्नलांकडे कान लावून बसते. हे वाचायला रमणीय आहे. मात्र याची किंमत पलीकडच्या बाजूस, सी-प्लस-प्लसच्या कचेरीत, मोजली जाते. तेथे प्रत्येक गुणधर्म जाहीर करताना तो वाचण्याची रीत सांगावी लागते आणि बदलाची वर्दी देणाऱ्या सिग्नलाचे नावही नोंदवावे लागते. ती नोंदच नसेल तर इंजिन निदान तक्रार तरी करते. पण नोंद करून प्रत्यक्ष बदलाच्या वेळी सिग्नल सोडायचा राहिला, तर कोणीही हरकत घेत नाही आणि जुना आकडा पडद्यावर सुखाने नांदत राहतो. यादीच्या बाबतीत करार आणखी कडक: नवी ओळ घालण्यापूर्वी ती कोठे येणार याची पूर्वसूचना द्यायची, मग ती घालायची, आणि मग काम पुरे झाल्याचे कळवायचे. पूर्वसूचनेतील आकडा आणि प्रत्यक्षातील ओळी यांत तफावत पडली, तर प्रोग्रामच कोसळण्याची वेळ येते. उलट दिशेचाही एक धोका आहे. क्यूएमएलमध्येच कोणी जावास्क्रिप्टच्या एका ओळीने त्या रुंदीला थेट आकडा दिला, की समीकरण कायमचे तुटते, कारण विधानाच्या जागी हुकूम आला.

मायक्रोसॉफ्टच्या २००६ मधील ‘डब्ल्यूपीएफ’ या तशाच साधनसंचाची कथा फारशी निराळी नाही. तेथे वर्दी देताना बदललेल्या गुणधर्माचे नाव अक्षरमालेच्या रूपाने द्यावे लागे. एका अक्षराची चूक झाली तरी संकलक ती मुकाट्याने पास करी. २०१२ आणि २०१५ च्या सी-शार्प आवृत्त्यांनी त्यावर इलाज केला.

२०१३ मध्ये फेसबुकने खुल्या केलेल्या, जॉर्डन वॉक यांनी आरंभिलेल्या ‘रिअ‍ॅक्ट’ने सूक्ष्म वर्द्यांचा हा पसारा आवरू पाहिला. काय बदलले हे विचारूच नये. सद्यःस्थितीवरून दृश्याचे वर्णन नव्याने करावे, जुन्या वर्णनाशी ताडून पाहावे आणि फरकापुरतीच दुरुस्ती करावी. उपाय धीट आहे, आणि उधळपट्टीचा वाटला तरी बहुधा परवडणारा आहे. तथापि वर्दी तेथेही सुटली नाही; ती ढोबळ झाली एवढेच. स्थिती बदलल्याचे ठराविक द्वारानेच कळवावे लागते, आणि ते द्वार टाळून कोणी मूळ वस्तूत परस्पर फेरफार केला तर पडदा अनभिज्ञच राहतो. वर्दी नको असे म्हणणाऱ्या प्रत्येक नव्या पंथाची झडती घेतली तर ती कोठे ना कोठे लपवलेली सापडते, असा माझा तरी अनुभव आहे.

आणि व्यवहार एकाच यंत्रात न राहता दूरच्या सर्व्हरवर गेला, की आणखी एक बाब पुढे येते, जिचा विचार जुन्या मांडणीत जवळजवळ नव्हता. मूल्य आहे आणि मूल्य बदलले, या दोन अवस्थांखेरीज मूल्य अद्याप यायचे आहे आणि ते आणताना चूक झाली, याही अवस्था व्यवहाराने उघडपणे जाहीर केल्या पाहिजेत. अन्यथा दृश्याला रिकाम्या रकान्याचा अर्थ स्वतःच लावावा लागतो, आणि शून्य रुपये शिल्लक व शिल्लक अजून कळलेली नाही, यांत भेद उरत नाही. क्यूएमएलमधील साध्या चित्राच्या घटकालासुद्धा चार स्थिती दिलेल्या आहेत: चित्र नेमलेलेच नाही, ते येत आहे, ते तयार आहे, आणि ते आणताना चूक झाली. आपापल्या प्रोग्रामात खात्यातील रकमेला वा रुग्णाच्या अहवालाला एवढ्या स्थिती देण्याची तसदी घेणारे फार थोडे. बहुतेक ठिकाणी एकच मूल्य जाहीर होते आणि उरलेल्या तिन्ही स्थितींत त्याच्या जागी शून्य दिसते.