फक्कीचं जहाज

परळी वैजनाथपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी साडेतीनशे किलोमीटरच्या पलीकडे. त्यामुळे परळीजवळच्या एका वाडीवरच्या शाळेत चौथीच्या बाई दर्यावर्दींचा धडा घेऊन उभ्या राहिल्या, तेव्हा वर्गातल्या एकाही पोराने समुद्र पाहिलेला नव्हता. थर्मल वीजकेंद्राची धुराडी रोज दिसायची, स्टेशनातली आगगाडी ठाऊक होती, वैजनाथाच्या जत्रेतला आकाशपाळणा माहीत होता. लाट मात्र चित्रातलीच.

वास्को द गामा २० मे १४९८ रोजी कालिकतजवळ पोचला आणि त्याने भारताचा शोध लावला, इथवर बाई आल्या, तोच मागून आवाज आला, "बाई, तवा हितं माणसं नव्हते का?"

वर्ग हसला. विचारणारी पोर आजीजवळ राहणारी. तिचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, पाडव्याशिवाय परतायचे नाहीत.

"होती की," बाई म्हणाल्या. "बाजार होता, बंदर होतं, अरबांची-गुजरात्यांची जहाजं होती. गामाला तर आफ्रिकेतल्या मालिंदीहून पुढची वाट दाखवायला या समुद्रातला जाणकार वाटाड्या घ्यावा लागला. तो होता म्हणून महिन्याच्या आत समुद्र ओलांडला. परत जाताना मात्र गामाने वाऱ्याचा हंगाम बघितला नाही. आपल्या गोव्याचं अंजदीव बेट आहे ना कारवारजवळ, तिथून ऑक्टोबरात निघाला आणि मालिंदीला पोचायला जानेवारी उजाडला. हिरड्या सुजून दातांवर चढल्या. त्या एका टप्प्यात तीसेक माणसं मेली. पुढे हात कमी पडले म्हणून एक जहाज जाळून टाकावं लागलं."

"कामून मेले?"

"ताजी फळं नाहीत, भाजी नाही. तो स्कर्व्ही रोग. लिंबू-संत्र्याने तो बरा होतो हे जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने १७४७ साली जहाजावरच करून दाखवलं. पण इंग्रजांच्या आरमारात लिंबाचा रस सर्रास द्यायला १७९५ उजाडलं." सरकारी कागद तिकडेही असाच सरकत होता, एवढंच इथे म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मैदानावर फक्कीने जहाज आखलं. लांबी बरोबर ५६ फूट. भारतीय नौदलाची 'म्हादेई' एवढीच आहे. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली ही शिडाची नाव घेऊन कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून एकटे निघाले, चार बंदरांना थांबत जगाला वळसा घालून १९ मे २०१० ला परतले. असा प्रवास एकट्याने करणारे ते पहिले भारतीय. ही कल्पना ज्यांनी लावून धरली ते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहायला होते फलटणजवळच्या विंचुर्णीला. तिथूनही समुद्र दिसत नाही.

खेळाचा नियम सोपा. सकाळच्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत फक्कीच्या आत राहायचं. पाण्याची एकच कळशी. कुणाला अगदीच सहन झालं नाही तर खुशाल रेघ ओलांडून बाईंजवळचं पाणी प्यावं, पण मग तो बुडाला, खेळातून बाद.

तांडेल, म्हणजे जहाजाचा म्होरक्या, चिठ्ठ्या टाकून ठरला. निघाला तो नेमका बोअरवाल्यांचा मुलगा. त्याच्याकडे होकायंत्र होतं, जत्रेत घेतलेलं. त्याने लगेच हुकूम सोडायला सुरुवात केली. शीड वर, सुकाणू डावीकडे, सगळ्यांनी वल्ही मारा. पोरं घामाघूम झाली, आणि तांडेल उदार होता. मागेल त्याला फुलपात्र भरून मिळत होतं.

"आरं, कळशी सावलीला ठेव," ऊसतोडीवाल्यांची पोर म्हणाली. "तोंडाला फडकं बांध. सकाळी एवढं वाटू नको, खरी तहान दुपारून लागती."

"तांडेल मी हाय का तू?"

ती गप्प बसली. गप्प बसून तिने आपलं फुलपात्र मात्र न पिता भरून बाजूला ठेवलं, वर पाटी झाकली.

जेवणाच्या सुट्टीनंतर कळशी वाजू लागली. एकाने सुचवलं, समुद्राचंच पाणी प्यावं, एवढं पसरलंय चोहीकडं. बाईंनी काठावरून सांगितलं, की त्या पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ असतं, ते बाहेर टाकायला शरीराला प्यायल्यापेक्षा जास्त पाणी लागतं. प्याल तेवढी तहान वाढते. दोन पोरं बुडाली. तिसरा रेघेवर उभा राहून बाईंच्या तांब्याकडे बघत होता.

तांडेलाने होकायंत्र उघडलं, मिटलं. मग कळशी उचलून तो तिच्यापाशी गेला आणि तिच्यासमोर ठेवली.

"तूच वाट."

तिने आधी कळशी कडुनिंबाच्या सावलीच्या पट्ट्यात सरकवली. ती सावली जहाजात येत होती हे सकाळपासून तिच्याशिवाय कुणी पाहिलंच नव्हतं. वल्ही बंद करायला लावली. झाकलेलं फुलपात्र कळशीत ओतलं. मग घोटघोट माप धरून धाकट्यांपासून वाटायला घेतलं. तांडेलाला शेवटून दुसरा घोट मिळाला. शेवटचा तिचा.

घंटा झाली तेव्हा जहाजावर दोघं सोडून सगळे होते.

बाईंनी तांडेलाला लॉगबुक लिहायला सांगितलं, कारण जहाजावर रोजची नोंद ठेवावीच लागते. त्याने लिहिलं, 'सकाळी वारा नव्हता. दुपारी पाणी संपत आले. वाटाड्या जहाजावरच होता. मी विचारले नाही. मग विचारले.' बाईंनी शुद्धलेखन तपासलं, बाकी काही खोडलं नाही.

त्यानंतर त्यांनी पोरांना नौदलातल्याच अभिलाष टॉमी यांची हकिकत सांगितली. त्याच म्हादेईवरून ते १ नोव्हेंबर २०१२ ला निघाले आणि कुठेही न थांबता पृथ्वी फिरून आले. परतीच्या वाटेवर पिण्याच्या पाण्यात डिझेल मिसळलं, तेव्हा पावसाचं पाणी धरून त्यांनी दिवस काढले. पोरं या वेळी एकदम गप्प होती. मग नौदलाच्याच 'तारिणी' या शिडाच्या नावेतून जगाला वळसा घालणाऱ्या सहा जणींची गोष्ट झाली, ज्या सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ घराबाहेर होत्या.

"आमची आई पण तेवढीच बाहीर असती," ती पोर म्हणाली.

ज्या शाळांना हा खेळ करून बघायचा आहे त्यांनी तो माघात करावा, वैशाखात नको, आणि जवळ झाड असावं. फक्कीची दोन पाकिटं पुरतात. तांडेल चिठ्ठीनेच ठरवा. कळशी कुणाच्या हाती द्यायची, हे मात्र बाई-गुरुजींनी आधी सांगू नये.