घर बांधण्याचा परवाना

पुसदेस घर बांधू इच्छिणारा मनुष्य म्हणेल, "जमीन माझी, पैसा माझा, मग नगरपरिषदेची परवानगी कशाला?" वाचकहो, जमीन आपली खरी; परंतु तीवरील भिंत शेजाऱ्याचा उजेड, वाट व सांडपाण्याचा उतार अडवू शकते. यास्तव नकाशा मंजूर करून घेणे म्हणजे शेजाऱ्याचा हक्क मान्य करणे होय. १९६६ च्या नगररचना कायद्यान्वये विनापरवाना घर पाडण्याची नोटीस येऊ शकते. पण त्याहून मोठे भय जिवाचे आहे. ठाणे जिल्ह्यात शीळफाटा येथे ४ एप्रिल २०१३ रोजी विनापरवाना इमारत कोसळून ७४ माणसे मेली. अनुवाद २२:८ येथे धाब्यास कठडा करण्याची आज्ञा आहे, ती याचकरिता की, कोणी पडून घरावर रक्तदोष येऊ नये.

कोणी म्हणेल, कचेरीत हेलपाटे पडतात, चिरीमिरी मागतात. हे दुःख खरे. तथापि दुसऱ्याने लाच मागितली म्हणून आपला शेजारधर्म सुटत नाही. अर्ज देऊन पोच घ्यावी, लाच देऊ नये, व मंजुरी हाती आल्यावरच पाया खणावा, मग एक पावसाळा जुन्या छपराखाली काढावा लागला तरी चालेल. विलंबाचा तोटा आपण सोसावा. धोक्याचा भार शेजाऱ्यावर घालू नये.