खिन्न बंधूस दोष देऊ नका

मुरगूड येथे वेदगंगेच्या काठी आम्ही पाहतो की, एकाच पावसाचे पाणी काळी जमीन दिवसेंदिवस धरून ठेविते, मुरमाड जमिनीतून ते लागलेच निथळून जाते. मनुष्यस्वभावाचेही तसेच आहे. कवी नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हळव्या मनाचे व उतावळे. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई व्यवहारी व विनोदी. देवाने दोघांसही उपयोगी आणिले. म्हणून कोणी खिन्न बसला असता 'ह्याचा विश्वास उणा' असे आपण म्हणू नये. एलीया संदेष्ट्याने झुडपाखाली बसून मरण मागितले, तेव्हा देवाने त्यास न रागावता आधी झोप व भाकर दिली. आपणही त्याच्याजवळ बसावे, त्यास जेवू घालावे, आणि खिन्नता दोन आठवड्यांतही न हटल्यास त्यास डॉक्टरांकडे न्यावे. हीही प्रीतीची सेवाच होय.