रिनला कुणी विचारलं का?

जंगलात झाडाला टेकून एक जखमी योद्धा पडलेला आहे. तो माणूस नाही. श्वानरूपी महादैत्याचा थोरला मुलगा आहे आणि त्याला माणसांचा तिटकारा आहे. एक अनाथ पोर त्याच्यासाठी खायला घेऊन येते. तो हात लावत नाही. ती पुन्हा येते. गावच्या तळ्यातला मासा चोरला म्हणून गावकऱ्यांनी तिला बडवलेलं असतं, गाल सुजलेला असतो. घरची माणसं दरोडेखोरांनी मारली तेव्हापासून तिची वाचाच गेलेली. तो एवढंच विचारतो, चेहऱ्याला काय झालं? सांगायचं नसेल तर राहू दे. त्यावर ती तोंडभर हसते, आणि त्या हसण्यात एका दाताची जागा रिकामी दिसते.

रुमिको ताकाहाशी यांच्या ‘इनुयाशा’ या जपानी चित्रकथेतला हा प्रसंग. मुलगी रिन, योद्धा सेश्शोमारू. याच दोघांवरून पुढे वाचकांमध्ये उभी फूट पडली. तो वाद अजून मिटलेला नाही, आणि घाईने मिटावा असं मला वाटतही नाही. प्रेमकथेला वाचक काय विचारतो, आणि तो प्रश्न काळाबरोबर कसा बदलत जातो, हे त्या वादात जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसतं.

‘इनुयाशा’ नोव्हेंबर १९९६ मध्ये ‘शोनेन संडे’ या साप्ताहिकात सुरू झाली आणि जून २००८ मध्ये संपली. ५५८ प्रकरणं, ५६ खंड. टोकियोतली कागोमे पंधराव्या वाढदिवशी घरच्या देवस्थानातल्या जुन्या विहिरीत ओढली जाते आणि पाचशे वर्षं मागे, सेंगोकू काळातल्या लढायांच्या जपानमध्ये बाहेर पडते. तिथे पन्नास वर्षांपूर्वी बाणाने झाडाला खिळलेला इनुयाशा तिला भेटतो, अर्धा माणूस, अर्धा दैत्य. बाण मारणारी किक्यो ही त्याची प्रेयसी. कपटाने दोघांना एकमेकांविरुद्ध उभं केलं गेलं आणि त्यातच तिचा जीव गेला. कागोमे हा तिचाच पुनर्जन्म. पुढे माती आणि अस्थींच्या देहात किक्योलाही पुन्हा उठवलं जातं, आणि नायक दोघींच्या मधोमध सापडतो.

वाचकांचं पहिलं भांडण यावरूनच झालं. कागोमेच्या बाजूचे म्हणत, हा दोन दगडांवर पाय ठेवून उभा आहे. किक्योच्या बाजूचे म्हणत, जिचा जीव गेला तिचा हक्क आधीचा. तेव्हाचा प्रश्न साधा होता : तो कुणाची निवड करणार?

ताकाहाशींच्या लेखनात तो प्रश्न आधीपासून मुरत आलेला होता. १९८० ते १९८७ या काळात चाललेल्या ‘मेझॉन इक्कोकु’ची नायिका क्योको तरुण विधवा आहे. तिच्यावर जीव लावणारा गोदाई शेवटी तिच्या दिवंगत नवऱ्याच्या थडग्यापुढे उभा राहतो आणि त्याच्या आठवणींसकट तिला स्वीकारतो. गेलेल्या माणसाशी स्पर्धा करायची नसते, त्याला जागा करून द्यायची असते, हे त्या कथेचं सार. ‘इनुयाशा’त तो विचार आणखी अवघड झाला, कारण इथे गेलेलं माणूस परत येतं, बोलतं, रागावतं. कागोमेला मत्सर होतो, तो स्वतःला कबूल करावा लागतो, आणि तरी ती थांबते. ते सगळं पानोपानी आपल्यासमोर घडतं. म्हणून भांडण कितीही तापलं तरी तिच्या मनात काय आहे याबद्दल कुणाला शंका उरली नाही.

शेवटाकडे लेखिकेने जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. इनुयाशा आणि किक्यो यांच्यात कपटाने वैर पेरणाऱ्या शत्रूचा अंत होतो, कागोमे आपल्या काळात परतते आणि विहीर बंद पडते. तीन वर्षं. ती शाळा पूर्ण करते, मोठी होते. मग एके दिवशी विहिरीच्या तळाशी आकाश दिसतं आणि ती जाते. पंधराव्या वर्षी तिला विहिरीने ओढून नेलं होतं. अठराव्या वर्षी ती स्वतः उतरली. एकाच विहिरीतल्या दोन प्रवासांत हा जो फरक आहे, त्यात या कथेचं प्रेमाविषयीचं मत आलं.

आता रिनकडे येऊ. हसून परत निघालेल्या त्या मुलीला लांडगे मारतात. सेश्शोमारूच्या कमरेला वडिलांनी ठेवलेली तेन्सैगा नावाची तलवार आहे. ती कुणाला मारू शकत नाही, मेलेल्याला उठवू शकते. ज्या तलवारीचा त्याला आजवर रागच येत होता, ती तो पहिल्यांदा या पोरीसाठी उपसतो. ती जिवंत होते, बोलू लागते, आणि त्याच्या मागे चालू लागते. पुढे ती पाताळात पुन्हा मरते. तेन्सैगा एका जिवाला एकदाच उठवते. तेव्हा या निष्ठुर योद्ध्याच्या हातून तलवार गळते. असं काहीही मिळवण्यासारखं नव्हतं ज्यासाठी हिला गमवावं, हे त्याला कळतं. त्याच्या आईकडच्या रत्नाने रिन वाचते.

हे नातं काय आहे, हे मूळ कथेने नाव देऊन सांगितलं नाही. आपल्या भाषेत त्याला ‘सांभाळणं’ म्हणता येईल. मराठीत आपण म्हाताऱ्या आईला सांभाळतो, शेजाऱ्याचं मूल सांभाळतो, आणि नवरा बायकोला नीट सांभाळतो का, अशी चौकशीही करतो. एकच शब्द इतकी वेगवेगळी नाती झाकतो. रिनच्या बाबतीत वाचकांचं नेमकं तेच झालं. कुणी त्या सांभाळण्यात बाप पाहिला, कुणी मोठा भाऊ, कुणी पुढचा नवरा. जोवर कथा गप्प होती तोवर सगळे आपापल्या जागी बरोबर होते.

शेवटच्या प्रकरणात लेखिकेने एक दार उघडं ठेवलं. रिनला गावातल्या वृद्ध काएदेकडे ठेवलं जातं. माणसांत राहण्याची सवय व्हावी आणि वेळ येईल तेव्हा कुठलंही आयुष्य निवडता यावं, हा त्यामागचा विचार कथेत सांगितलेला आहे. सेश्शोमारू मधूनमधून येतो, भेटी आणतो, जातो. कागोमेला तीन वर्षांची बंद विहीर मिळाली, रिनला काएदेचं घर मिळालं. दोघींनाही लेखिकेने वेळ दिला.

मग बारा वर्षांनी, ऑक्टोबर २०२० मध्ये, ‘याशाहिमे’ ही पुढच्या पिढीची ॲनिमेशन मालिका आली. सेश्शोमारूच्या जुळ्या मुली, तोवा आणि सेत्सुना, चौदा वर्षांच्या झालेल्या. त्यांची आई कोण, हे पहिले काही महिने झाकून ठेवलं होतं. जानेवारी २०२१ मध्ये उत्तर आलं : रिन.

एका बाजूला आनंदाचं उधाण आलं, दुसऱ्या बाजूला संताप. आनंद झालेल्यांचं म्हणणं हलकं नव्हतं. सेश्शोमारूच्या वडिलांनी एका मानवी स्त्रीवर प्रेम केलं, इनुयाशा तिचाच मुलगा, आणि थोरल्याने आयुष्यभर त्या प्रेमाचा तिरस्कार केला. त्यानेच माणसावर प्रेम करावं, यात त्याचा प्रवास पूर्ण होतो. शिवाय काएदेच्या घरी राहून रिनने निवड केलीच असणार. संतापलेल्यांचं म्हणणं असं : ज्याच्या बोटाला धरून ती वाढली, जो तिचा एकुलता आधार होता, त्याला ‘नाही’ म्हणायची जागा तिच्याजवळ होती का? लग्नाच्या वेळी ती किती वर्षांची होती हेसुद्धा मालिका धडपणे सांगत नाही.

इथे वाचकांचा प्रश्न बदललेला दिसतो. ‘तो कुणाची निवड करणार?’ याच्या जागी ‘तिला निवड करता आली का?’ हा प्रश्न आला. पहिल्या प्रश्नात नायक मधोमध होता. दुसऱ्यात मुलगी आहे.

असं का झालं, याचं एक कारण वाचकांच्या वयात आहे. २००० मध्ये ‘इनुयाशा’ची ॲनिमेशन मालिका सुरू झाली तेव्हा आठ-नऊ वर्षांची असलेली मुलगी २०२० मध्ये अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची होती. लहानपणी ती रिन होती : जग क्रूर आहे, पण कुणीतरी बलाढ्य माझ्यासाठी मागे वळतं, या दिलाशाने तिचा ऊर भरून येई. वीस वर्षांनी ती त्याच चित्राकडे मोठ्या माणसाच्या जागेवरून पाहते आणि तिला तो रिकामा दात दिसतो. विहिरीत न उतरताही वाचक काळातून प्रवास करतो, आणि परत येतो तेव्हा त्याची नजर पहिली राहिलेली नसते.

या वादात सगळ्यात जास्त वेळा फेकला गेलेला मुद्दा ‘त्या काळी तसंच होतं’ हा. खोटं नाही ते. सेंगोकू काळातल्या माएदा तोशिइए या सरदाराची पत्नी मात्सु लग्नाच्या वेळी जुन्या गणनेने बारा वर्षांची होती. पण ‘तसंच होतं’ यातून ‘तिला तसं चालत होतं’ हे निघत नाही. आणि याची साक्ष आजच्या कुणा सुधारकाने दिलेली नाही, ती जपानच्याच सर्वांत थोर जुन्या ग्रंथाने दिली आहे. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला मुरासाकी शिकिबु या स्त्रीने लिहिलेल्या ‘गेंजीच्या कथे’त राजपुत्र गेंजी दहाएक वर्षांची मुलगी पाहतो, तिला आपल्या वाड्यात आणतो, शिकवतो, वाढवतो, आणि काही वर्षांनी एके रात्री तिला पत्नी करतो. दुसऱ्या दिवशी ती उठत नाही. पांघरूण डोक्यावरून घेऊन, घामाने भिजून पडून राहते, त्याच्याशी बोलत नाही. ज्याला इतकी वर्षं विश्वासाने बिलगले तो हे मनात ठेवून होता, हे तिला सोसत नाही.

हजार वर्षांपूर्वी, त्या काळाच्या रीतीभातीत बुडालेल्या लेखिकेने ती सकाळ लिहिली. तिने गेंजीला खलनायक केलं नाही आणि त्या मुलीचं दुःखही झाकलं नाही. म्हणजे आजचे वाचक जो प्रश्न विचारतात तो जुन्या काळावर लादलेला नाही. जुन्या काळातच तो पांघरुणाखाली जागा होता.

मराठी वाचकाला ‘त्या काळी’चा हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने वय दहावरून बारावर नेलं, तेव्हा टिळक आणि आगरकर यांच्यासह सारा महाराष्ट्र परंपरा आणि सुधारणा यांवर भांडला. १८९९ मध्ये देवलांचं ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आलं. त्या नाटकाने जरठ-कुमारी विवाहाचा प्रश्न ज्या मुलीचा होता तिला रंगमंचाच्या मध्यावर आणून बोलतं केलं. वयाचे आकडे कायद्याने ठरतात, पण त्या आकड्यामागे एक मुलगी उभी आहे हे दाखवायला कथाच लागते.

जपानमध्येही आकडे याच काळात हलत होते. मुलींचं लग्नाचं वय सोळावरून अठरा करणारा बदल १ एप्रिल २०२२ पासून लागू झाला. ‘याशाहिमे’चा शेवटचा भाग २६ मार्चला, म्हणजे आठवडाभरच आधी दाखवला गेला होता. १९०७ च्या दंडसंहितेपासून तेरावर थांबलेलं संमतीचं वय २०२३ मध्ये सोळा झालं. मालिकेचा या कायद्यांशी संबंध नव्हता. पण वाचक आणि कायदा एकाच हवेत श्वास घेत होते.

मी कुठल्या बाजूला आहे? रिन आणि सेश्शोमारू यांचं लग्न होऊच नये, असं मी म्हणणार नाही. मोठी झालेली, माणसांत राहिलेली, पर्याय पाहिलेली रिन त्याच्याकडे गेली असती तर मी आनंदाने मान्य केलं असतं. माझी तक्रार न लिहिलेल्या प्रसंगाबद्दल आहे. कागोमेच्या निर्णयाला तीन वर्षं आणि एक आख्खं प्रकरण मिळालं. रिनचा निर्णय बारा वर्षांच्या मधल्या अंधारात उरकला गेला. आणि मालिकेत आपल्याला ती भेटते कशी? शापाने निद्रिस्त, काळाच्या झाडाच्या खोडात मिटलेली. आधुनिक टोकियोत वाढलेली तोवा विहिरीपलीकडच्या जगाची नजर घेऊन त्या काळात परत येते. आईला नेमका प्रश्न विचारू शकेल अशी तीच होती. मालिका त्या प्रश्नाकडे वळत नाही.

रिन पहिल्यांदा दिसली तेव्हा मुकी होती. तेन्सैगाने तिला जीव दिला तसा आवाजही मिळाला, आणि मग ती किती बोलायची, गायची, प्रश्न विचारायची! तिच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या गोष्टीपाशी मात्र कथेने तिला झोपवलं. चिडलेले आणि आनंदलेले वाचक, दोघेही आपापल्या परीने तिच्यासाठी ते वाक्य तयार करत बसले आहेत. ‘तिने हो म्हटलंच असणार.’ ‘ती नाही कसं म्हणणार होती?’ दोन्ही वाक्यं वाचकांची आहेत. रिनचं त्यात एकही नाही.

जंगलातल्या त्या पहिल्या प्रसंगात सेश्शोमारूने विचारलं होतं आणि सांगायचं नसेल तर राहू दे, असंही म्हटलं होतं. प्रश्न विचारायचा आणि नकाराला जागा ठेवायची : प्रेमाला लागतं ते सगळं त्या एका क्षणात होतं. ती हसली ते त्यामुळेच. त्या रिकाम्या दाताच्या पोरीला मोठेपणी तोच प्रश्न पुन्हा विचारला गेलेला मला पाहायचा आहे. वाचक अजून वाट पाहत आहेत ते तिच्या उत्तराची.