जुनी काढून बघा

विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला काढून घेतला. तरी वसई-विरारमध्ये एखाद्या डीटीपीच्या दुकानात एक्सपीवाला कॉम्प्युटर जपलेला असतो, आणि जपणाऱ्याला मी हट्टी म्हणणार नाही. त्यात पेजमेकरच्या फाइली असतात. लग्नपत्रिका, चर्चच्या सणाची स्मरणिका, निर्मळच्या यात्रेची पत्रकं, कुणीतरी सामवेदी बोलीत लिहून टाइप करून घेतलेली गाणी. सगळं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. नव्या मशीनवर उघडावं तर अक्षरांची भलतीच चिन्हं होतात. तो फॉन्ट, तो पेजमेकर पुन्हा बसवायला सीडी कुठून आणायच्या?

म्हणून डिस्क करकरू लागली की नव्या डिस्कवर क्लोन घेतात. योग्यच आहे. घोळ होतो तो पुढे, दोन्ही डिस्क जोडलेल्या ठेवून मशीन सुरू केल्यावर. जुन्या बायोसमध्ये बूटच्या क्रमात बहुधा 'हार्ड डिस्क' अशी एकच ओळ दिसते. त्यातली कोणती, हे ठरवणारी यादी वेगळ्या पानावर असते आणि ती बदलायची राहून जाते. मग स्क्रीनवर तोच वॉलपेपर, तेच आयकॉन. दुकानदार म्हणतो, "झालं काम." प्रत्यक्षात जुनीच डिस्क चालू असते आणि आजची पत्रिकाही तिच्यावरच सेव्ह होते. हे 'झालं काम' मला डिस्कच्या करकरण्यापेक्षा जास्त भीतिदायक वाटतं. करकर निदान ऐकू तरी येते.

दुसरी अडचण आणखी आत आहे. डिस्कच्या पहिल्या, ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये चार बाइटचा ओळख क्रमांक असतो. क्लोनमध्ये तोही जसाच्या तसा उतरू शकतो. एक्सपीला एकाच ओळखीच्या दोन डिस्क दिसल्या तर सी आणि डी या अक्षरांची अदलाबदल होऊ शकते. मग नव्या डिस्कवरची विंडोज काही फाइली जुनीवरूनच उचलते, आणि महिन्यांनी जुनी काढली की नवी अर्ध्यातच अडकते.

मदरबोर्डवरचा तीन व्होल्टचा बटण सेलही बघून घ्यावा. तो उतरला असेल तर वीज गेली की तारीख मागे जाते आणि ठरवलेला बूटचा क्रम पुसला जातो. आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती टिकते ते सांगायला नको. जुलै २०१८ च्या पुरात तर इथे घरादुकानांत पाणी शिरलं होतं.

तेव्हा तुमच्याकडे असं मशीन असेल तर या रविवारी अर्धा तास काढा. मशीन बंद करून जुन्या डिस्कची केबल काढा आणि नवी एकटीच चालवा. सर्वांत जुनी फाइल उघडून एक प्रिंट काढा. प्रिंट नीट आली तरी जुनी डिस्क लगेच पुसू नका. दुकानाबाहेर, वरच्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी घरी ठेवून द्या.