औषध मानवणं

"मला ते औषध मानवत नाही," असं आजी म्हणायची, तेव्हा घरातली शिकलेली मंडळी तिची समजूत काढायची. एकाच पाकिटातल्या गोळ्या. त्या शेजारणीला चालतात, मग हिला का चालू नयेत? मीही तसंच म्हणत असे. आजीचा तो एक शब्द वैद्यकाच्या केवढ्या मोठ्या प्रश्नाला हात घालत होता, ते मला फार उशिरा कळलं.

लंडनमध्ये आर्चिबाल्ड गॅरड या डॉक्टरांनी 1902 मध्ये एका दुर्मिळ विकारावर लेख लिहिला. त्या विकारात लघवी हवेत राहिली की काळी पडते. भावंडांमध्ये तो एकत्र आढळतो, हे पाहून प्रत्येक माणसाची रासायनिक घडण वेगळी असावी, असं अनुमान गॅरड यांनी काढलं. एखाद्यालाच एखादं औषध का सोसत नाही, याचं मूळही त्यांना तिथंच दिसलं. पण त्या सूत्राला पुढची पन्नासएक वर्षं कुणी फारसा हात लावला नाही.

मग मलेरियावरचं प्रायमाक्विन आलं. ते घेतल्यावर काही जणांच्या, विशेषतः आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी सैनिकांच्या, रक्तपेशी फुटू लागल्या. 1956 मध्ये कारण सापडलं: रक्तपेशींतल्या एका एन्झाइमची वारशाने आलेली कमतरता. हे ज्ञान इलिनॉयच्या तुरुंगातल्या कैद्यांवरच्या प्रयोगांतून मिळालं, याचा विसर पडू नये. त्याच सुमारास क्षयावरचं आयसोनियाझिड काहींच्या शरीरातून झपाट्याने, तर काहींच्या शरीरातून रेंगाळत बाहेर पडतं, हे दिसत होतं. मद्रासच्या क्षय संशोधन केंद्रातही ते दिसलं; ज्यांच्यात औषध रेंगाळे, त्यांचेच हातपाय जास्त बधिर होत. 1959 मध्ये फ्रीड्रिश फोगेल यांनी या अभ्यासाला 'फार्माकोजेनेटिक्स' हे नाव दिलं.

मला सर्वांत हलवून जातो तो 1975 मधला प्रसंग. लंडनचे रॉबर्ट स्मिथ डेब्रिसोक्विन हे रक्तदाबाचं औषध सहकाऱ्यांसह स्वतःवर तपासत होते. मात्रा सगळ्यांना सारखी. बाकीच्यांना फारसं काही झालं नाही; स्मिथ यांचा मात्र रक्तदाब इतका घसरला, की ते कोसळले. त्यांच्या यकृतातलं एक एन्झाइम जन्मतःच निकामी होतं. पुढे ते 'सीवायपी2डी6' या नावाने ओळखलं गेलं. आज वापरात असलेल्या कितीतरी औषधांचा निचरा तेच करतं.

दरम्यान दुसरा एक विचार वेगळ्याच वाटेने चालला होता. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्डमध्ये 'मेडिफॉर' ही संगणकप्रणाली उभी राहिली. रुग्णाला लिहून दिलेली दोन औषधं एकमेकांशी भांडणारी असतील, तर ती इशारा देई. तिच्यामागे होते स्टॅनली कोहेन. याच कोहेन यांनी 1973 मध्ये हर्बर्ट बॉयर यांच्यासोबत जनुकं कापून जोडण्याचं तंत्र जगापुढे ठेवलं. एकाच माणसाच्या टेबलावर जनुक आणि औषधांची यादी शेजारी शेजारी होती, तरी त्यांची गाठ पडायला आणखी काही दशकं जावी लागली.

ती गाठ पडली, तेव्हा जुने दोन्ही समज अपुरे ठरले. औषधांच्या जोड्यांचा तक्ता माणूस जमेस धरत नाही, आणि जनुकाचा अहवाल सोबतची औषधं जमेस धरत नाही. समजा, एखाद्या बाईचं सीवायपी2डी6 अहवालात ठणठणीत आहे. पण ती नैराश्यासाठी पॅरॉक्सेटिन घेते. ते औषध हे एन्झाइम अडवून धरतं, म्हणजे जनुकाने चांगली असलेली ही बाई व्यवहारात स्मिथ यांच्याच पंगतीला येऊन बसते. आता तिला दुखण्यासाठी कोडीन दिलं, तर त्याचं मॉर्फिनमध्ये रूपांतर नीट होणार नाही आणि वेदना थांबणार नाही. जनुक हे नशीब आहे, असं मानणाऱ्यांनी इथे थबकायला हवं.

आपल्याकडचं उदाहरण अँजिओप्लास्टीनंतर दिल्या जाणाऱ्या क्लोपिडोग्रेलचं आहे. यकृतातलं सीवायपी2सी19 हे एन्झाइम त्याला जागं करतं, तेव्हाच ते गुठळी रोखतं. या एन्झाइमचं दुबळं रूप भारतीय उपखंडात युरोपपेक्षा जास्त आढळतं. त्यात पित्तासाठी ओमेप्राझोल घेतलं, की तेच एन्झाइम आणखी मंदावतं. दुबळं जनुक आणि पित्ताची गोळी, दोघांचा भार एकाच जागी पडतो. जनुकाचा अहवाल आणि गोळ्यांची यादी एकत्र वाचून डॉक्टरला वेळेवर सांगणारं सॉफ्टवेअर हवं, ते यासाठी.

त्यातला जनुकाचा भाग आता प्रत्यक्षात आला आहे. युरोपातल्या 7 देशांत सुमारे 7,000 रुग्णांवर झालेल्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 12 जनुकं आधी तपासून औषधं दिली गेली, तेव्हा त्रासदायक परिणाम सुमारे 30 टक्क्यांनी घटले. मला हा आकडा मोठा वाटतो. पण 2013 चा वॉरफरिनचा अमेरिकी अभ्यासही मी विसरू शकत नाही. तिथे जनुकांवरून मात्रा ठरवणारं गणित आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत साध्या पद्धतीपेक्षा कमी पडलं, कारण त्यांच्यात आढळणारे महत्त्वाचे जनुकभेद त्या गणितात धरलेच नव्हते. यंत्राला ज्यांची ओळखच करून दिली नाही, त्यांच्याबद्दलही ते तितक्याच ठामपणे बोलतं. 'जीनोम इंडिया' प्रकल्पात 10,000 भारतीयांचे जनुकसंच वाचले गेले, त्याचं मोल मला इथे कळतं.

दुसरी अडचण इशाऱ्यांची. दर प्रिस्क्रिप्शनला दहा खिडक्या उघडल्या, की डॉक्टर न वाचता त्या बंद करतात, आणि त्यांत एखादी खरी असते.

हे लिहिताना माझ्यासमोर सरकारी दवाखान्याची रांग आहे. रांगेतल्या म्हाताऱ्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी आहे. तिच्यात हृदयाच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या, गावच्या वैद्यांनी दिलेली पुडी, आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली पित्ताची स्ट्रिप आहे. संगणकावर यातल्या दोनच गोष्टींची नोंद आहे. डॉक्टर विचारतात, "बाबा, अजून काय काय घेता?" आणि बाबा पिशवी टेबलावर रिकामी करतात.